स्टँडर्ड हेराल्डला पुढे डिस्क ब्रेक: विलायती किट घ्यावा का?

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं पाल्हाळ. किट चांगला आहे, पैसे वसूल होतात, पण "खोक्यातून काढा आणि लावा" असं जे त्या इंग्लंडच्या विक्रेत्यानं लिहिलंय ते पुण्यात तरी खरं नाही. पाचपैकी चार. एक मार्क का कापला ते खाली येईलच. आणि डिस्क लावली की गाडी जागच्या जागी थांबणार अशा हिशोबानं घेणार असाल तर घेऊ नका, निराश व्हाल. ह्याचा फायदा वेगळा आहे, तो सोसायटीच्या गेटपर्यंत चक्कर मारून कळत नाही, त्यासाठी घाट उतरावा लागतो.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडात १९५९ ला आली, डिझाईन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचं, आणि आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून ती स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनवली. आता ही काय स्पोर्ट्स कार आहे का असं आमच्या बाबांसकट सगळे विचारतात. नाही, फॅमिली गाडीच आहे, ९४८ सीसीची. पण १९६२ ला ट्रायम्फनं जी दोन सीटची स्पिटफायर काढली ना, ती ह्याच हेराल्डच्या चेसिसवर बेतलेली, फक्त आखूड केलेली. हेराल्डचा व्हीलबेस ९१.५ इंच, स्पिटफायरचा ८३. पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग, मागचा स्विंग अ‍ॅक्सल, सगळं एकाच घरातलं. खरी स्पिटफायर आपल्याकडे मिळायची मारामार, मिळाली तर परवडायची मारामार, त्यामुळे माझ्यासारखे लोक हेराल्ड घेतात आणि तिच्यात हळूहळू स्पिटफायर भरत जातात. माझ्या गाडीत ट्विन एसयू कार्ब्युरेटर आधीच चढलेत (विलायतेत हेराल्डच्या कूपेला कंपनीच द्यायची, मी काही जगावेगळं केलेलं नाही), एक्झॉस्ट मोकळा केलाय, आणि गाडी आता पळते. पळते म्हणजे हेराल्डच्या मानानं पळते. मग प्रश्न आला थांबायचा.

घरी काम करायला ह्याच्यासारखी गाडी नाही हे मात्र मी कोणालाही छातीठोक सांगीन. बोनेट मडगार्डसकट अख्खं पुढे उलटतं, मग पुढच्या टायरवर पाट मांडून बसा आणि इंजिन, स्टिअरिंग, ब्रेक सगळं मांडीसमोर. बॉडीचे भाग बोल्टनं जोडलेले. ह्यामागे काही थोर दूरदृष्टी नव्हती, झालं असं की फिशर अँड लडलो नावाची बॉडी बनवणारी कंपनी १९५३ ला बीएमसीनं (म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं) विकत घेतली, स्टँडर्ड-ट्रायम्फला अख्खी बॉडी एका जागी करून द्यायला कोणी उरलं नाही, म्हणून वेगळी चेसिस आणि वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले तुकडे. त्यांच्या अडचणीचा फायदा साठ वर्षांनी कोथरूडच्या पार्किंगमध्ये मला.

तर किट. इंग्लंडमधला एक ट्रायम्फचा स्पेशालिस्ट आहे, त्याच्याकडून मागवला, नाव देत नाही कारण पुढे तक्रारही करणार आहे. खोक्यात काय आलं: डाव्या-उजव्या बाजूचे अख्खे अपराईट म्हणजे व्हर्टिकल लिंक (पुढचं चाक धरणारा उभा भाग) खालच्या ट्रनियनसकट (त्याचं पुढे सांगतो), नऊ इंची दोन डिस्क, गर्लिंगचे रिकंडिशन केलेले कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे) स्टेनलेसच्या नव्या पिस्टनसह, हब (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो भाग), टेपर रोलर बेअरिंग, पॅड, होज, फेल्टची सीलं. वजन असलं की वॉचमननं विचारलं जिमचं सामान आहे का. पार्सल मुंबईत कस्टमला अडकलं, कुरियर कंपनीचा माणूस रोज नवीन कागद मागायचा, एकदा तर ज्या इन्व्हॉइसवर त्यांनीच शिक्का मारला होता तोच परत मागितला. किट, शिपिंग, ड्युटी, आयजीएसटी सगळं मिळून लाखाच्या जरा पुढे गेलं. पुण्यात वरखर्च अजून पंधरा हजार. हा आकडा घरी सांगताना कसा सांगायचा ते ज्याचं त्यानं बघावं.

आता क्वालिटी. कॅलिपर एकदम सुंदर, झिंक प्लेटिंग एकसारखं, पिस्टन बोटानं दाबला तर मऊ आत जातो. डिस्कची ढलाई चांगली. पॅडही चांगल्या कंपनीचे. पण हब! हब रिकंडिशन म्हणून विकलेत आणि एका हबच्या ज्या फेसवर डिस्क बसते तिथे गंजाचे फुगवटे तसेच ठेवून वरून काळा रंग मारलाय. नुसतं डोळ्याला दिसत नाही. डिस्क बसवली, डायल गेज (डिस्क फिरताना किती डोलते ते काट्यावर दाखवणारं यंत्र) लावला आणि चाक फिरवलं तर काटा नाचायला लागला. दुसऱ्या बाजूला काटा जेमतेम हलतो. हे असंच बसवून टाकलं असतं तर ब्रेक दाबला की पेडलला धडधड आणि सगळे म्हणाले असते डिस्क वाकडी आली. त्या स्पेशालिस्टला फोटो पाठवले, त्याचं उत्तर की हब परत पाठवा, बदलून देतो. परत पाठवा! त्याच्या पोस्टेजमध्ये इथे हब नवीन बनवून मिळेल. हा तो कापलेला एक मार्क.

हबचं काम भोसरीला झालं. एमआयडीसीत छोट्या गाळ्यात लेथ घेऊन बसलेले जे टर्नर आहेत ना, त्यांच्या जिवावर पुण्यातल्या अर्ध्या जुन्या गाड्या चालतात असं माझं ठाम मत आहे. मी ज्यांच्याकडे जातो ते काका सबंध दिवस कंपन्यांचे जॉब काढतात, आपल्या एका हबसाठी मशीन सेट करायला त्यांना खरं तर परवडत नाही, तरी संध्याकाळी ये म्हणाले. हब त्यांनी बेअरिंगच्या बसणीवर धरला, बाहेरच्या कडेवर नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण चाक फिरतं ते बेअरिंगवर, मग फेस त्याच्याशी काटकोनात पाहिजे, बाहेरची कड साठ वर्षांत कुठेकुठे आपटलेली असते तिच्याशी काटकोन साधून काय उपयोग. मी हे त्यांना सांगणार होतो तेवढ्यात त्यांनी आपणहून धरलं आणि माझ्याकडे चष्म्यावरून असं बघितलं की मी गप्प बसलो. अगदी बारीक काट घेतला, फेस चकचकीत. घरी आणून परत डायल लावला, काटा शांत. पैसे विचारले तर म्हणाले चहा पाज. चहा पाजला आणि पैसेही दिले, कारण फुकट काम करून घेतलं की पुढच्या वेळी तोंड दाखवता येत नाही.

जुन्या ड्रमबद्दलही चार शब्द, अगदीच वाईट नव्हते ते. गाडीचं वजन जेमतेम आठशे किलो, पुढचे ड्रम नीट सेट असतील तर गावात काही अडत नाही. त्रास दोनच. एक, उतारावर तापतात. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, लायनरही तापून गुळगुळीत होतो, पेडल खाली खाली जायला लागतं आणि पाय दाबून काही फरक पडत नाही. बोपदेव घाट सासवडकडून कोंढव्याकडे उतरताना ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दुसरं म्हणजे पाऊस. पुण्यात जूनला पहिला पाऊस पडला की रस्त्याचं तळं होतं, त्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी, मग पहिले चार-पाच ब्रेक एक तर लागतच नाहीत नाहीतर एकाच बाजूला लागतात आणि गाडी रिक्षावाल्याकडे ओढ घेते. रिक्षावाला जे बोलतो ते वेगळं.

फिटिंगला सुरुवात केल्यावर पहिला अडथळा नट-बोल्टचा. ही गाडी इंची, बहुतेक आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे. चाकाचे स्टड ३/८ यूएनएफ, ब्रेक पाईपचे नटही ३/८ यूएनएफ, पाईप ३/१६ इंची. पुण्यात आज हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ३/८ यूएनएफचा हाय टेन्साईल बोल्ट मागा, काउंटरवरचा पोरगा दहा एमएमचा आणून ठेवतो आणि वर म्हणतो बसेल की साहेब. बसतो, अर्धा आटा बसतो, मग अडकतो, मग तो तोडावा लागतो. किटमध्ये कॅलिपरचे बोल्ट आले पण त्याच्या लॉक टॅब नव्हत्या. यादीत लिहिलेल्या, खोक्यात नाहीत. त्या मी नाना पेठेत शोधल्या. नाना पेठ म्हणजे गाड्यांच्या पार्टची पंढरी, पण आता तिथे नव्या गाड्यांचा, टू-व्हीलरचाच माल जास्त. तरी एक-दोन जुनी दुकानं आहेत जिथे मालक स्वतः बसतात, त्यांना पार्टचं नाव सांगू नका, जुना पार्ट काढून हातात द्या. ते फिरवून बघतात, आत जातात, धूळ खाल्लेली पुडी घेऊन येतात. मला मिळाल्या.

इंची पाने आणि सॉकेटचं म्हणाल तर जुना बाजार. मंगळवार पेठेतला, बुधवार-रविवारचा. तिथे जमिनीवर पसरलेल्या ढिगात एएफ साईझचे (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधल्या इंची मापाचे) जुने विलायती पाने अजून निघतात, नव्या चायना सेटपेक्षा शंभर पटीनं बरे. सकाळी लवकर जा, ऊन चढलं की चांगला माल गेलेला असतो. पान्याचं तोंड बघून घ्या, फाकलेलं असेल तर नट गोल करून ठेवेल. आणि भाव करताना कशासाठी पाहिजे ते सांगू नका. एकदा का "व्हिंटेज" शब्द तोंडातून गेला की तोच पाना दुप्पट होतो.

आता ट्रनियन. ह्या गाडीबद्दल एकच गोष्ट वाचायची असेल तर हा पॅरा वाचा, बाकी सोडून द्या. पुढच्या चाकाचा अपराईट, म्हणजे ती व्हर्टिकल लिंक, खाली एका ब्राँझच्या ट्रनियनमध्ये आट्यावर फिरते. स्टिअरिंग फिरवलं की अक्षरशः नट-बोल्टसारखी ती त्यात फिरते. डावं-उजवं वेगळं, आटे उलटसुलट, अदलाबदल चालत नाही. आणि ह्यात ग्रीस घालायचं नाही. ऑईल घालायचं, ईपी ९० गिअर ऑईल, तेही ब्राँझला चालणारं म्हणजे जीएल ४. ग्रीसगन असते ना, तीच गन ऑईलनं भरायची, आणि कडेनं ऑईल बाहेर येईपर्यंत मारायची. आमच्याकडे गाडी बघायला एक जुने मेकॅनिक आले होते, वय सत्तरच्या पुढे, हात सोन्याचा, ते बघताबघता ग्रीसगन घेऊन खाली बसले.

"मामा, तिथं ग्रीस नका मारू, ऑईल लागतं."

"निप्पल आहे ना? निप्पल आहे म्हणजे ग्रीसच."

"कंपनीच्या पुस्तकात ऑईल लिहिलंय."

"पुस्तक इंग्लंडचं. तिथं थंडी असते, ग्रीस गोठतं म्हणून लिहिलं असेल."

ह्यावर काय बोलणार. मग मी जुना काढलेला ट्रनियन त्यांच्या हातात दिला. आधीच्या कोणीतरी वर्षानुवर्षं ग्रीसच मारलेलं, ते वरच्या वर वाळून साबणाच्या वडीसारखं कडक झालं होतं, खालच्या आट्यांपर्यंत कधी पोचलंच नाही, आणि तळाला पाणी साठून आटे गंजून निम्मे झिजलेले. मामांनी नखानं ते कडक ग्रीस खरवडलं, बोटांत चुरलं, आटे उजेडात धरून बघितले, आणि ग्रीसगन उचलून बाजूला ठेवली. बोलले काहीच नाहीत. तर हे असे झिजले आणि गंजले की एक दिवस गाडी पार्क करताना स्टिअरिंग पूर्ण वळवता आणि व्हर्टिकल लिंक कडकन तुटते, चाक आडवं पडतं. पार्किंगमध्ये तुटलं तर नशीब. म्हणून माझं मत असं की किट घ्यायचा तर अपराईट आणि ट्रनियनसकट अख्खा घ्या, पैसे वाचवायला नुसते डिस्क-कॅलिपर घेऊन जुन्या लिंकवर चढवू नका.

हबचं सील फेल्टचं आहे, रबराचं नाही. ते तेलात बुडवून, पिळून मग बसवायचं. बेअरिंग आवळून टाकायचं नाही, थोडी ढील ठेवायची, चाक हातानं हलवून अगदी किंचित खेळ जाणवला पाहिजे. नव्या गाड्यांवर काम केलेली मुलं हा खेळ बघून घाबरतात आणि आवळतात. टेपर बेअरिंग आवळलं की तापून बसतं.

पाईप मी सगळेच नवीन केले, तांबं-निकेलचे. ह्या गाडीची ब्रेक सिस्टिम एकाच सर्किटची, आजच्यासारखी दोन भागात वाटलेली नाही. कुठेही एक पाईप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. मग साठ वर्षांचे गंजके पाईप ठेवून पुढे लाखाचा किट लावण्यात काही अर्थ आहे का तुम्हीच सांगा. आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑईल ढकलणारा) बघून घ्या. ड्रमच्या सिस्टिममध्ये बऱ्याचदा लायनीत थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, ड्रमला तो हवा असतो, पण डिस्कला तेच प्रेशर पॅडला सतत घासत ठेवतं. चाक हातानं फिरवताना जड लागलं की हे कारण आधी तपासा, उगाच कॅलिपरला शिव्या देऊ नका. किटच्या माहितीपत्रकात ह्याचा उल्लेख एका ओळीत, तोही बारीक अक्षरात. खरं तर तो पहिल्या पानावर पाहिजे.

एअर काढायला बाबांना बसवलं. बाबा टेल्कोत होते, रिटायर झाले, त्यांना वाटतं मी जे करतो ते सगळं चुकीच्या क्रमानं करतो. बोनेट उलटलेलं, मी चाकापाशी नळी आणि बाटली घेऊन, ते आत पेडलवर.

"बाबा, दाबा. धरून ठेवा."

"धरलंय. सांगशील का कधी सोडायचं ते? पाय भरून आला."

"सोडा."

"आधी मागच्या चाकाची काढायची असते."

"मागची झाली बाबा."

"मला कोणी सांगितलं नाही."

एक सांगायचं राहिलं, कॅलिपर डावा-उजवा नीट बघून लावा. एअर काढायचं निप्पल वर आलं पाहिजे. ओळखीतल्या एकाच्या गाडीत दोन्ही उलटे बसवलेले, निप्पल खाली, आणि तो बाटल्यांमागून बाटल्या ब्रेक ऑईल ओतत होता तरी पेडल स्पंजसारखं. हवा वर जाते, निप्पल खाली असेल तर ती बाहेर येणार कशी.

आता चालवून. पहिल्या दिवशी लावला, गेटबाहेर काढली, पौड रोडला पहिला सिग्नल, ब्रेक दाबला आणि खरं सांगतो, ह्यासाठी लाख रुपये? पेडल आधीपेक्षा जड. ड्रममध्ये शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, पायाला मदत होते. डिस्कमध्ये ती मदत नाही, आणि ह्या गाडीला बूस्टर नाही, त्यामुळे सगळा जोर पायाचा. आजच्या गाडीच्या ब्रेकची सवय असलेल्यानं पहिल्यांदा चालवली तर समोरच्या स्कुटीला प्रसाद मिळेल. नवीन पॅड बसायलाही वेळ लागतो, वेगातून हळू, परत वेग, परत हळू, मध्ये गार होऊ द्यायचं, असं करत करत पकड येते. तोपर्यंत पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. पुण्यात अंतर ठेवलं की त्यात तीन ॲक्टिव्हा घुसतात हे मला माहीत आहे.

पॅड बसल्यावर सिंहगडाला नेली. वर जाताना काही कळण्यासारखं नाही, वर गेल्यावर पिठलं-भाकरी, दही, नेहमीचं. उतरताना मुद्दाम सेकंड गिअरला ठेवून, प्रत्येक वळणाला ब्रेक. आणि इथे ते पैसे दिसले. वरच्या पहिल्या वळणाला पेडल जिथे होतं, खाली गोळेवाडीच्या नाक्यावर तिथेच. एक इंच खाली नाही. गाडी सरळ थांबते, इकडे-तिकडे ओढ नाही, स्टिअरिंग हातात हलकं धरून ब्रेक मारता येतो. पहिला ब्रेक ड्रमपेक्षा भारी आहे असं मी म्हणणारच नाही, पण विसावा ब्रेक पहिल्यासारखाच आहे. पावसातही बघितलं, पाण्यातून काढल्यावर डिस्क एका फेरीत स्वतःच पुसली जाते, पहिल्याच दाबाला लागतात, दोन्ही बाजूंना सारखे.

एक मोह टाळा. पुढे डिस्क लागली की मागे मोठे व्हील सिलिंडर घालून मागचे ब्रेकही कडक करावेत असं वाटतं, काही जण सल्लाही देतात. नको. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी फिरते, आणि हेराल्डचा मागचा स्विंग अ‍ॅक्सल तर आधीच नाजूक प्रकरण आहे. वळणावर ॲक्सिलरेटर एकदम सोडला किंवा ब्रेक मारला की मागचा भाग उचलला जातो, चाकं आत दुमडतात आणि टायरची पकड जाते. ट्रायम्फनं स्वतः हे स्पिटफायरच्या मार्क फोरला, १९७० च्या शेवटी, मागची पाटा स्प्रिंग बदलून बऱ्यापैकी आटोक्यात आणलं. माझ्या यादीत पुढचं काम तेच आहे. तोपर्यंत ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर.

कायद्याचं विचारणारे भेटतातच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानंही २०१९ ला ते ठणकावून सांगितलंय. आणि २०२१ च्या जुलैपासून व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली, पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपातली, चेसिस-बॉडी-इंजिनमध्ये मोठा फेरफार नसलेली, वीस हजार फी, दहा वर्षांची मुदत, नंबरात व्हीए अक्षरं. पण त्या नंबरवर गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मला सिंहगडाला जायचं असतं त्यामुळे मी त्या वाटेला गेलो नाही, पण ज्यांना जायचंय त्यांनी मॉडिफिकेशनला हात घालण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. पुढची डिस्क हेराल्डला विलायतेत कंपनीच ऑप्शन म्हणून द्यायची, आणि ह्या कामात कुठे वेल्डिंग नाही, कटिंग नाही, सगळं बोल्टवर. काढलेले ड्रम, अपराईट, पाईप सगळं तेल लावून पेटीत ठेवलंय, उद्या परत मूळ रूपात आणायची तर दोन सुट्ट्यांचं काम. ज्या टेकडीवर गाड्यांची तपासणी करणारी एआरएआय बसलीय तिच्या पायथ्याला राहून गाडीला कटर लावायची माझी हिंमत नाही.

जाता जाता पेट्रोलचं, किटशी संबंध नाही पण ब्रेकचं काम करताना हात तिथे पोचतोच. आता सगळीकडे ई २० पेट्रोल आहे, वीस टक्के इथेनॉल. जुने रबरी होज, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम ह्यांना ते सोसत नाही, होज आतून मऊ पडून सुटतो. गाडी घोडीवर चढवलेलीच आहे तर इथेनॉलला चालणारे होज टाकून घ्या, शंभर-दोनशे रुपयांसाठी आग नको.

मग कोणी घ्यावा? गाडी घाटात, हायवेला नेणार असाल, इंजिनमध्ये काही केलं असेल किंवा करणार असाल तर घ्या, आणि इंजिनच्या आधी घ्या. नुसती रविवारी सकाळी डेक्कनपर्यंत इडली खायला नेणार असाल तर ड्रम टर्न करून, चांगले लायनर लावून, व्हील सिलिंडर नवीन टाकून एक दशांश पैशात काम होतं, मी तेच करायला सांगीन. स्वतःच्या हातानं करणार नसाल तर हे काम येणारा मेकॅनिक आधी शोधा, किट नंतर मागवा. ऑर्डर देताना हबच्या फेसचे फोटो रंग मारायच्या आधीचे मागा, देत नसेल तर नवीन हब घ्या, थोडे पैसे जास्त जातील. लॉक टॅब वेगळ्या लिहून मागवा. पॅडचा एक जादा सेट आणि कॅलिपरचा सील किट त्याच खोक्यात टाकायला सांगा, कारण नंतर एकट्या पॅडचं शिपिंग पॅडच्या किमतीपेक्षा जास्त पडतं. आणि पार्सल यायच्या दिवशी घरी एक दणकट माणूस ठेवा, कुरियरचा पोरगा लिफ्टपर्यंतसुद्धा आणून देत नाही.